सुरतेची थडगी आणि मरणाची परिभाषा

मरणाचा उल्लेख करण्याची वेळ आली म्हणजे प्रत्येक भाषा थोडी अडखळते आणि आडवाटेने बोलू लागते. आपल्या मराठीत मनुष्य सहसा ‘मरत’ नाही. तो ‘जातो’, ‘वारतो’, ‘निवर्ततो’, त्यास ‘देवाज्ञा होते’. शैव घरचा असेल तर तो कैलासवासी होतो, वैष्णव घरचा असेल तर वैकुंठवासी. शेजारधर्म पाळणाऱ्या आपल्या पूर्वीच्या लेखकांनी ख्रिस्ती बांधवांसाठी ‘ख्रिस्तवासी’ व मुसलमान बांधवांसाठी ‘पैगंबरवासी’ असे शब्द घडविले. ज्याच्या त्याच्या देवाजवळ ज्याला त्याला पोहोचविण्याची ही रीत मोठी सुसंस्कृत आहे यात शंका नाही. गुजराती भाषेने तर याहून पुढचे पाऊल टाकले. आपण जिला तिरडी म्हणतो तिला गुजराती माणूस ‘ननामी’ म्हणतो. म्हणजे जिला नाव नाही ती. ज्या वस्तूचे नाव घेऊ नये असे वाटले, तिचे ‘नाव नसणे’ हेच नाव ठरले.

या शब्दांचा विचार करावयाचा तर त्यासाठी सुरतेसारखे दुसरे नगर क्वचितच सापडेल. तापीच्या तीरावरील या बंदरात सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत अनेक देशांचे व्यापारी आले, राहिले आणि तेथेच देहाने मिळूनही गेले. जो तो आपला माल घेऊन आला, तसा आपला अंत्यविधी आणि त्या विधीचे शब्दही घेऊन आला. त्यामुळे एका नगराच्या परिसरात दहनघाट, दर्गे, पारशांचे दोखमे, इंग्रज, डच व आर्मेनियन लोकांची दफनभूमी आणि यहुदी लोकांची थडगी अशी मृत्यूची एक आंतरराष्ट्रीय पेठच जणू निर्माण झाली. मराठी माणसास सुरत आठवते ती शिवछत्रपतींच्या १६६४ व १६७० च्या स्वाऱ्यांमुळे. परंतु त्या नगराचा दुसराही एक इतिहास आहे; तो दगडांवर कोरलेला असून त्यातील काही ओळी थेट आपल्या कोंकणी व मराठी घरांपर्यंत येऊन पोहोचतात.

आरंभ आपल्याच विधीपासून करू. सुरतेचा पुरातन दहनघाट म्हणजे तापीकाठचा अश्विनीकुमार. स्थानिक श्रद्धा अशी की, महारथी कर्णाने मरतेसमयी ‘पूर्वी कोणाचेही दहन झाले नाही अशा कुमारी भूमीवर माझा देह जाळावा’ असे मागणे मागितले आणि श्रीकृष्णाने ती भूमी येथे शोधून काढली. तेथे तीन पानांचा वड दाखवितात तो याच कथेच्या संदर्भात. तापी ही सूर्यकन्या, अश्विनीकुमार सूर्यपुत्र आणि कर्णही सूर्यपुत्रच. तेव्हा भावाचे शेवटचे कार्य बहिणीच्या काठी झाले, असा या कथेचा भाव आहे. ही लोककथा आहे, महाभारतातील वृत्तान्त नव्हे, हे ध्यानात ठेवूनही तिच्यातील मर्म नाकारता येत नाही. ज्याला हयातीत कूळ मिळाले नाही त्याला मेल्यावर तरी स्वतःची भूमी मिळाली, हे ते मर्म होय. पुढे या लेखात हीच गोष्ट निरनिराळ्या वेषांत पुन्हा भेटणार आहे.

‘श्मशान’ या शब्दाची यास्काचार्यांनी दिलेली व्युत्पत्ती मननीय आहे. त्यांच्या मते ‘श्म’ म्हणजे शरीर, आणि श्मशान म्हणजे शरीराचे शयन, देहाची शेज. आता गंमत पाहा. गोव्यातील ख्रिस्ती बांधव दफनभूमीस ‘सिमितेर’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, त्यांच्याकडे लॅटिनमधून व लॅटिनमध्ये ग्रीक भाषेतून आला; आणि मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘झोपण्याची जागा’ असाच आहे. यास्काचार्य आणि ग्रीक यांनी एकमेकांस विचारून हे शब्द केले नव्हते. मृत्यूस निद्रा मानण्याची मनुष्यमात्राची ओढ एकच, म्हणून अर्थ एक झाला.

कित्येकांची समजूत अशी असते की हिंदू तेवढे जाळतात व बाकीचे पुरतात. ही समजूत अर्धवट आहे. ऋग्वेदातील पितृसूक्तात अग्नीने दग्ध झालेले आणि न झालेले अशा दोन्ही प्रकारच्या पितरांचा उल्लेख आहे, आणि दहाव्या मंडलातील एका अंत्यसूक्तात पृथ्वीने मृतास आईप्रमाणे पदराखाली घ्यावे अशी प्रार्थना आहे. अगदी लहान बालकास आपण जाळीत नाही. लिंगायत समाजात भूमिसंस्कारच होतो. आणि संन्याशाचे काय? त्याने अग्नीचा त्याग आधीच केलेला असल्याने त्यास समाधी दिली जाते. ‘समाधी’ हा योगशास्त्रातील शब्द मराठीत थडग्यास लागला, यामागे ‘संत मेले नाहीत, ध्यानस्थ झाले’ ही श्रद्धा आहे. आपल्या सारस्वत समाजात तर या बाबतीत दोन संप्रदायांचे दोन शब्द नांदतात. कवळे मठाच्या स्मार्त परंपरेत स्वामींची समाधी असते. पर्तगाळी व काशी मठांच्या माध्व वैष्णव परंपरेत ‘वृंदावन’ असते. मठात वृंदावनास प्रदक्षिणा घालणाऱ्या भाविकाच्या मनात आपण दफनस्थानी उभे आहोत असा विचारही येत नाही. त्या एका शब्दाने मृत्तिकेची तुळस केलेली असते.

आता परक्या वाटणाऱ्या, पण घरच्या झालेल्या शब्दांकडे वळू. सुरतेत ख्वाजा सफर सुलेमानी ऊर्फ खुदावंदखान याचा मकबरा आहे. सुरतेचा किल्ला बांधविणारा हा सरदार १५४६ मध्ये दीवच्या वेढ्यात पडला. ‘कबर’, ‘मकबरा’, ‘दफन’, ‘कफन’, ‘मजार’ हे सारे शब्द अरबी घराण्याचे. ‘दर्गा’ हा फारसी. यांतील काहींचे मूळ अर्थ मोठे हृद्य आहेत. ‘दर्गा’ म्हणजे मुळात राजद्वार वा दरबार. ‘मजार’ म्हणजे भेटीस जाण्याची जागा. आणि ‘रौझा’ म्हणजे बाग. औरंगजेबाचे दफन झाले त्या खुलताबादेस पूर्वी रौझा म्हणत, ते याच अर्थाने. आणि ‘मयत’? खेडोपाडीचा मराठी माणूस ‘मयतास गेलो होतो’ असे सहज म्हणून जातो. हा शब्द त्याने इतका आपलासा केला आहे की तो अरबीतून आला असे सांगितल्यास त्यास नवल वाटेल. या ‘मयत’ शब्दाचे एक सख्खे भावंड सुरतेच्या यहुदी थडग्यांपाशी आपणांस भेटणार आहे; तोवर तो येथेच ठेवू.

पारशी समाजाची परिभाषा निराळी. ‘दोखमा’ हे त्यांचे स्थान. तिसऱ्या दिवशीचे ‘उठमणा’, चौथ्या दिवशीचे ‘चहारुम’, पुढे ‘दसमा’, ‘मासिसो’ आणि ‘वरसी’. यातील ‘चहारुम’ इराणातून आलेला, तर ‘उठमणा’ व ‘वरसी’ गुजरातच्या मातीतले. निर्वासित होऊन आलेल्या समाजाने धर्म आपला राखला आणि शब्द यजमानाचे घेतले. गुजराती हिंदूंतही ‘उठमणुं’ व ‘बेसणुं’ हे शब्द चालतात. ‘बेसणुं’ म्हणजे केवळ बसणे. शोकाकुल घरी जाऊन काही न बोलता बसणे. हाही शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा.

सुरतेत परदेशीयांची जी दफनभूमी आहे, तीत सर्वांत नजरेत भरतात ती इंग्रजांची व डचांची थडगी. जॉर्ज ऑक्झेंडन हा इंग्रज वखारीचा अध्यक्ष. १६६४ च्या जानेवारीत शिवाजीमहाराज सुरतेवर चालून आले तेव्हा वखारीचा बचाव करणारा तो हाच. १६६९ च्या जुलैत तो सुरतेस मरण पावला. त्याचा भाऊ ख्रिस्तोफर त्याआधी, १६५९ मध्ये, वारला होता. या दोघा भावांवर जी दुमजली, घुमटाची इमारत उभी आहे ती पाहून कोणासही एखाद्या मुसलमान अमिराचा मकबरा वाटावा. स्वदेशात जे साध्या दगडाखाली निजले असते, त्यांनी परदेशात मोगलाई थाटाचे घुमट उभारले. येथल्या लोकांस आपला दर्जा कळावा, हा त्यातला हेतू उघड आहे. डचांनी हे पाहिले आणि त्याहून मोठे स्मारक बांधले. ज्याच्यासाठी बांधले त्याचे नाव हेन्द्रिक आद्रियान व्हान रीड.

हे नाव कोंकणी वाचकांनी आदराने स्मरावे असे आहे. व्हान रीड हा कोचीनचा डच अधिपती होता. मलबारच्या वनस्पतींचा ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ त्याने सिद्ध करविला. तो ॲमस्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. या कामी त्याला इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्यासह जे साहाय्यक लाभले, त्यांत रंगभट, विनायक पंडित व आप्पुभट हे तिघे कोंकणी ब्राह्मण होते. गोव्यात पोर्तुगीज अंमलात देवळे मोडली, धर्मविधींवर बंधने आली, तेव्हा जी सारस्वत कुटुंबे दक्षिणेस गेली व कोचीनात स्थिरावली, त्या समाजातले हे विद्वान. त्यांनी १६७५ मध्ये दिलेले प्रमाणपत्र कोंकणी भाषेत व नागरी अक्षरांत ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेले आहे. नागरी लिपीच्या छपाईच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांपैकी तो एक असून कोंकणीच्या इतिहासात त्याचे मोल फार मोठे आहे.

पुढे व्हान रीड यास डच कंपनीच्या कारभारातील भ्रष्टाचाराची चौकशी करण्यासाठी आयुक्त म्हणून नेमण्यात आले. १६९१ च्या डिसेंबरात सुरतेस जात असता तो मुंबईनजीक समुद्रावरच मरण पावला आणि त्याचे शव सुरतेस आणून पुरण्यात आले. त्याच्या ग्रंथाचा अखेरचा खंड त्याने पाहिला नाही. कोंकणी अक्षरे युरोपच्या छापखान्यात पोहोचविणारा मनुष्य सुरतेच्या मातीत निजला आहे, ही गोष्ट आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक असते? इंग्रजांची ही थडगी आणि डच व आर्मेनियन लोकांची दफनभूमी आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांत समाविष्ट आहेत. आर्मेनियनांची थडगी घुमटांची नाहीत. जमिनीबरोबर बसविलेल्या शिळांवर त्यांच्या स्वतःच्या लिपीत लेख आहेत. इंग्रजांनी आपले वैभव उभे केले. आर्मेनियनांनी आपली अक्षरे जपली.

आता यहुदी लोकांचा विचार करू. सुरतेत अरबी भाषा बोलणाऱ्या यहुदी व्यापाऱ्यांची एक वसाहत अठराव्या शतकात चांगली नांदती होती. हलब, बगदाद, बसरा या नगरांहून ते आले होते. त्यांचे सुरतेत प्रार्थनामंदिर होते आणि दफनभूमी होती. तेथील हिब्रू लेखांच्या शिळांची संशोधकांनी नोंद घेतली आहे. हलबहून आलेला शालोम कोहेन हा जवाहिऱ्या प्रथम सुरतेसच उतरला व नंतर १७९८ मध्ये कलकत्त्यास गेला. कलकत्त्याच्या यहुदी समाजाचा तो आद्यपुरुष मानला जातो. सुरतेचा व्यापार मुंबईकडे वळला तसे हे कुटुंबकबिलेही मुंबईकडे वळले. जिवंत माणसे गेली, मृत तेवढे मागे राहिले. दफनभूमीस हिब्रूत ‘बेत हाईम’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ ‘जिवंतांचे घर’. अशुभ टाळण्यासाठी उलट बोलण्याची ही रीत आपणांस परकी नाही. दिवा विझवावयाचा असता तो ‘निरोप दिला’ म्हणणारी आपली भाषा हे सहज समजू शकेल.

यहुदी अंत्यविधीचे मुख्य शब्द येथे क्रमाने सांगतो. मृत्यूची वार्ता येताच ईश्वरास ‘सत्य न्यायाधीश’ म्हणून वंदन करावयाचे. दफन शक्य तितक्या लवकर, बहुधा त्याच दिवशी, पण शब्बाथाच्या दिवशी नव्हे. मृत्यूपासून दफनापर्यंत जवळचा नातलग ‘ओनेन’ असतो. या वेळात नित्याची धर्मकर्तव्ये त्याला माफ असतात, कारण त्याचे एकच कर्तव्य उरते. देहास विधिपूर्वक स्नान घालणे ही ‘तहारा’, म्हणजे शुद्धी. हे काम ‘हेवरा कदीशा’ म्हणजे पवित्र मंडळी नावाचे गावातील सेवाभावी लोक करतात. त्याचे वेतन घेण्याची रीत नाही. नंतर ‘तख्रीखीम’ ही साधी पांढरी वस्त्रे. त्यांस खिसा नसतो आणि श्रीमंत-गरीब भेद नसतो. रब्बी गमलीएल या आचार्याने आपल्याला साध्या वस्त्रात न्यावे असे सांगितल्यापासून, खर्चाच्या भीतीने प्रेत टाकून पळण्याची गरिबावर येणारी पाळी टळली, असे त्यांच्या परंपरेत सांगतात. नातलग आपले वस्त्र थोडे फाडतात, ती ‘केरीआ’. आईबापांसाठी ती हृदयाच्या बाजूस करावयाची.

दफनानंतर घरी आल्यावर शोकाकुलांनी स्वतःचे अन्न खावयाचे नाही. शेजाऱ्यांनी आणलेले खावयाचे. त्यात अंडी अथवा मसूर असतात, कारण ते वाटोळे असून जीवनचक्राची आठवण देतात. आपल्याकडील ‘कडू घास’ येथे कोणास आठवणार नाही? ज्या घरची चूल पेटत नाही तेथे शेजारघरचे पिठले-भात पोहोचते, तो हाच धर्म. त्यानंतर सात दिवस शोकाचे. त्यांस ‘शिवा’ म्हणतात. या शब्दाचा आपल्या शिवाशी काही संबंध नाही. हिब्रूत त्याचा अर्थ केवळ ‘सात’. या सात दिवसांत घरचे लोक खाली बसतात, चामड्याचे जोडे घालीत नाहीत, क्षौर करीत नाहीत. ‘शिवा बसणे’ हाच तेथला वाक्प्रचार. गुजराती ‘बेसणुं’ आणि हे ‘बसणे’ यांची गाठ सुरतेच्या गल्लीत पडली असेल तेव्हा दोघांसही दुभाष्याची गरज भासली नसेल. पुढे तीस दिवसांचा ‘श्लोशीम’, आणि आईबापांसाठी वर्षभराचा शोक. या काळात पुत्र ‘कद्दीश’ म्हणतो. ही प्रार्थना मृतांसाठी म्हटली जाते, पण तिच्यात मृत्यूचा उल्लेखही नाही. ती आरंभापासून अखेरपर्यंत ईश्वराची स्तुती आहे. ज्या वेळी देवाविषयी रोष वाटावा त्याच वेळी त्याची थोरवी चारचौघांत उभे राहून गावी, ही त्यातील शिकवण. ‘चारचौघांत’ हा शब्द येथे अक्षरशः महत्त्वाचा आहे. कारण किमान दहा प्रौढ पुरुष जमल्याविना कद्दीश म्हणता येत नाही, अशी परंपरागत मर्यादा आहे. म्हणजे दहा माणसांचा समाजही ज्या गावी उरला नाही, तेथील मृतांसाठी त्या गावी कद्दीश होणे नाही.

येथे आपल्या विधीशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. आपले सुतक बहुधा दहा दिवसांचे, मग सपिंडीकरण, तेरावा, मासिके व वर्षश्राद्ध. दोन्हीकडे शोकास उतरत्या पायऱ्या आहेत. दुःख एकदम सोडू नये आणि कायमही धरू नये, हा दोन्ही शास्त्रांचा हेतू. कोहेन म्हणजे पुरोहित कुळातील यहुदी प्रेताच्या स्पर्शापासून व दफनभूमीपासून दूर राहतो; दफनभूमीतून परतताना इतर यहुदी हात धुतात. आपण स्नान करतो. आपल्या विधीत चितेजवळच्या मडक्यास भोक पाडण्याचा दगड ‘जीवखडा’ म्हणून जपतात व दहाव्या दिवसापर्यंत त्यावर तिलांजली देतात. यहुदी मनुष्य थडग्यास भेट देऊन निघताना त्यावर एक लहान दगड ठेवतो. मात्र भेदही मोठा आहे. आपल्या दृष्टीने देह हे टाकून दिलेले वस्त्र. म्हणून ते अग्नीस अर्पण करून अस्थी तीर्थात सोडून मोकळे व्हावयाचे. यहुदी दृष्टीने देह ही सोपविलेली ठेव. म्हणून ती अभंग मातीस परत द्यावयाची आणि त्या जागेस पुन्हा हात लावावयाचा नाही. आपल्या पितरांस जागा लागत नाही, तिथी लागते. त्यांच्या पितरांस जागाही लागते. परक्या समाजाच्या दफनभूमीचा प्रश्न निघतो तेव्हा हा फरक आपण विसरता कामा नये.

या साऱ्या शब्दांचा मराठीशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध अगदी जवळचा आहे, कारण यहुदी लोकांतील एक समाज मराठीच आहे. कोंकण किनाऱ्यावरील बेने इस्राएल हे पिढ्यानुपिढ्या मराठी बोलत आले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. दिवेकर, केहीमकर, राजपूरकर ही त्यांची आडनावेच त्यांच्या गावांची साक्ष देतात. त्यांची परंपरा सांगते की, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि लाटांनी आणून टाकलेली बाकीची प्रेते त्यांनी तेथेच पुरली. ज्या समाजाचा इतिहासच मुळी आपले मृत मातीस देण्यापासून सुरू होतो, असा हा समाज आहे. हिब्रू भाषा विसरली गेली तरी ‘शेमा’ ही एकेश्वराची घोषणा त्यांनी विसरली नाही. समुएल एझेकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. एकोणिसाव्या शतकात जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. त्यांच्या थडग्यांवर हिब्रूशेजारी मराठी अक्षरे कोरलेली दिसतात. मराठी भाषेत कोरलेला शोक केवळ हिंदूंचा नाही, याची ती साक्ष आहे.

आणि आता मागे ठेवलेला ‘मयत’ शब्द उचलू. हिब्रूत मृतास ‘मेत’ म्हणतात. अरबी ‘मय्यत’ आणि हिब्रू ‘मेत’ एकाच सेमिटिक धातूची लेकरे. थडग्यास हिब्रूत ‘केवेर’ म्हणतात. ते आपल्या ‘कबर’ शब्दाचे भावंड. म्हणजे कोंकणातला बेने इस्राएल जेव्हा मराठीत ‘मयत’ व ‘कबर’ असे शब्द उच्चारी, तेव्हा विसरलेल्या पितृभाषेचे शब्द तो नकळत शेजाऱ्याकडून परत घेत होता. याउलट संस्कृत ‘मृत’ व हिब्रू ‘मेत’ यांचा ध्वनी जुळतो, पण कूळ जुळत नाही. ‘मृत’ शब्दाचे खरे वंशज म्हणजे प्राकृतातून आलेले मराठी ‘मढे’ आणि कोंकणी ‘मडें’. त्याचप्रमाणे ‘कफन’ आणि इंग्रजी ‘कॉफिन’ यांचे साम्य केवळ योगायोगाचे आहे. पहिला अरबी, दुसरा ग्रीक. शब्दांचे गोत्र कानाने ठरवू नये, इतिहासाने ठरवावे.

सुरतेच्या शिळांवर आणखी एक गोष्ट शिकावयास मिळते. ती म्हणजे कालगणना. आपण शकात ७८ मिळवून इसवी सन काढतो व विक्रम संवतातून ५७ वजा करतो. आर्मेनियन सनात ५५१ मिळवावे लागतात. पारशांचा यज्दगर्दी सन इ. स. ६३२ पासून चालतो. मुसलमानांचा हिजरी सन चांद्र असल्याने तो केवळ बेरीज-वजाबाकीने वठत नाही. यहुदी लोक जगाच्या उत्पत्तीपासून वर्षे मोजतात आणि ती आकड्यांनी न लिहिता अक्षरांनी लिहितात; त्या संख्येतून ३७६० वजा केले म्हणजे सामान्यतः इसवी सन येतो. त्यांचे वर्ष शरद ऋतूत सुरू होते, म्हणून कधी एकाचा फरक पडतो. त्यांच्या थडग्यांच्या शिरोभागी ‘येथे निक्षिप्त आहे’ या अर्थाची दोन अक्षरे व तळाशी मृताचा प्राण जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो अशा आशयाची पाच आद्याक्षरे असतात. आपण नावामागे ‘कै.’ लिहितो, तसाच तो संक्षेप. एका नगरीत इतक्या परींनी काळ मोजला गेला. मरण मात्र सर्वांस एकाच काळात आले.

तथापि हा सर्व केवळ शब्दांचा कौतुकविषय समजू नये. अंत्यविधीचा हक्क ही गोष्ट इतिहासात माणसांस गाव सोडावयास अथवा गाव वसवावयास लावीत आली आहे. १६७७ मध्ये दीव येथील नीमा पारख नावाच्या वाणी व्यापाऱ्याने मुंबईस येऊन राहण्यासाठी सुरतेच्या इंग्रज वखारीकडे काही अटी मांडल्या. दीव पोर्तुगिजांच्या ताब्यात होते. त्याच्या अटींत जकातीच्या सवलती होत्याच; परंतु आपल्या घरात आपला धर्म निर्वेध पाळता यावा, वाड्याजवळ जीवहत्या होऊ नये आणि आपल्या मृतांचे आपल्या रीतीने दहन करता यावे, या अटीही होत्या. जेराल्ड अंजिअर हा त्या वेळी सुरतेचा अध्यक्ष व मुंबईचा गव्हर्नर. त्याने हे धोरण मान्य केले. मुंबई वाढली ती अशा आश्वासनांवर. एका व्यापाऱ्याने नव्या गावी जाण्याआधी ‘तेथे मला कसे जगता येईल’ याबरोबरच ‘तेथे मला कसे मरता येईल’ असे विचारले, यात हास्यास्पद काही नाही. गोव्याचा इतिहास ज्यांच्या घराण्यांत मुरला आहे, ज्यांच्या कुलदेवता रातोरात नदीपलीकडे न्याव्या लागल्या, त्यांस हा प्रश्न अधिक समजावून सांगावयास नको. आणि दैवगती पाहा: दुसऱ्यांच्या दहनाचा हक्क मान्य करणारा अंजिअर त्याच वर्षीच्या जूनमध्ये सुरतेस वारला.

सुरतेचे यहुदी गेले. १९४८ मध्ये इस्राएलचे राज्य स्थापन झाल्यानंतर बेने इस्राएलांपैकीही पुष्कळजण तिकडे गेले. अहमदाबादेत १९३४ साली बांधलेले त्यांचे मागेन अब्राहाम मंदिर आहे, पुण्यात दाविद ससून यांच्या समाधीशेजारी ‘लाल देऊळ’ उभे आहे. पुणेकरांनी त्यास सहजपणे ‘देऊळ’ म्हटले हेही त्यांच्या मनाच्या मोठेपणाचेच द्योतक आहे. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने व २०१८ मध्ये गुजरात शासनाने यहुदी समाजास अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. परंतु जेथे दहा माणसे जमत नाहीत तेथील थडग्यांची राखण कायद्याच्या कलमाने होत नाही. ती शेजाऱ्याच्या नजरेने होते. थडग्यावरील लेख वाचता येईनासा झाला म्हणजे तो दगड होतो. दगड म्हटला म्हणजे तो कोणाच्या तरी पायरीस उपयोगी पडतो. आणि जागा रिकामी दिसली म्हणजे ती मालकाविना आहे असे समजले जाते. अनेक गावांतील जुन्या दफनभूमींचा शेवट हा असा होत आला आहे.

यहुदी परंपरेत मृताच्या सेवेस ‘हेसेद शेल एमेत’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘खरी दया’. कारण इतर उपकारांची फेड होण्याची आशा असते, मृत मनुष्य मात्र काहीही परत देऊ शकत नाही. आपल्या धर्मातही बेवारशी प्रेतास संस्कार देणे हे मोठमोठ्या यज्ञांच्या तोडीचे पुण्य मानले आहे. दोन निरनिराळ्या देशांतील, निरनिराळ्या विधींच्या दोन परंपरा येथे एका शब्दात भेटतात, आणि तो शब्द कर्तव्याचा आहे. ज्यांचे कोणी उरले नाही त्यांचे आपण व्हावे, इतकाच त्याचा अर्थ. आपल्या देवस्थानांच्या मंडळींनी आपापल्या गावच्या सीमेवर अशी एखादी जुनी दफनभूमी असेल तर तिचे कुंपण पाहावे, शिळांवरील लेख उतरवून घ्यावेत, त्या कोणाच्या आहेत हे मुलांस सांगावे. यास फार द्रव्य लागत नाही. कर्णास कुमारी भूमी शोधून देणाऱ्या भगवंताची कथा आपण भक्तीने ऐकतो; मिळालेली भूमी ज्याची त्यास राखून ठेवणे हे काम माणसांचे आहे.